वेग भरपूर, पण रांगेला शिस्त नाही: एका घरगुती राउटरचा आठ महिन्यांचा अनुभव

गेले आठ महिने माझ्या घरी मध्यम श्रेणीतला एक ड्युअल बँड (दोन रेडिओपट्ट्यांवर चालणारा) राउटर चालू आहे. कंपनीचे नाव मुद्दाम देत नाही, कारण ज्या दोषाबद्दल लिहायचे आहे तो याआधीच्या, दुसऱ्याच कंपनीच्या राउटरमध्येही तसाच होता. वायफायचा पल्ला उत्तम आहे, दोन भिंतींपलीकडच्या खोलीतही सिग्नल टिकतो आणि इतक्या दिवसांत तो एकदाही आपोआप बंद पडलेला नाही. तक्रार आहे ती एकाच गोष्टीबद्दल: घरातली दोन-तीन उपकरणे एकाच वेळी इंटरनेट वापरू लागली की हा राउटर त्यांना सांभाळूच शकत नाही.

माझे कनेक्शन डाउनलोडला सेकंदाला 300 आणि अपलोडला 20 मेगाबिटचे आहे. मी ऑनलाइन गणित शिकवते. संध्याकाळच्या वर्गात रोज एका ठरावीक सुमाराला माझा आवाज तुटू लागे, मुले "मॅडम, काही ऐकू येत नाही" असे लिहून कळवत आणि दहा-पंधरा मिनिटांनी सगळे आपोआप सुरळीत होई. मी आधी माइक बदलला, मग लॅपटॉपवर संशय घेतला, शेवटी इंटरनेट पुरवठादाराकडे तक्रार केली. त्यांचा माणूस आला, त्याने स्पीड टेस्ट लावली, आकडा पूर्ण 300 चा आला आणि तक्रार बंद झाली. खरे कारण बऱ्याच दिवसांनी लक्षात आले. माझी मुलगी घरी आली की तिचा फोन वायफायला जोडला जातो आणि दिवसभराचे फोटो व व्हिडिओ क्लाउडवर चढवू लागतो. आवाज तुटण्याची वेळ आणि तिच्या घरी येण्याची वेळ एकच होती.

खात्री करण्यासाठी एका सुटीच्या दिवशी मी लॅपटॉप थेट केबलने राउटरला जोडला, म्हणजे वायफायचा प्रश्नच उरला नाही, आणि पिंग, म्हणजे दूरच्या संगणकाला छोटा संदेश पाठवून उत्तराला किती वेळ लागतो हे मोजणारी चाचणी, सुरू केला. उत्तर 9, 10, 9 मिलिसेकंदांत येत होते. मग दुसऱ्या संगणकावरून एक मोठा व्हिडिओ अपलोडला लावला. तिसऱ्या-चौथ्या ओळीला आकडा 80 झाला, मग 240, मग 500 च्या वर, आणि शेवटी 620 ते 640 च्या आसपास स्थिरावला. अपलोड थांबवताच दोन सेकंदांत तो पुन्हा 9 वर आला. या सगळ्यात एकही पॅकेट, म्हणजे डेटाचा छोटा तुकडा, हरवले नव्हते. सगळी पोहोचत होती, फक्त अर्ध्या सेकंदाहून अधिक उशिराने. संभाषणासाठी एका दिशेचा उशीर 150 मिलिसेकंदांच्या आत असावा, अशी आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाची शिफारस आहे. इथे नुसत्या घरच्या रांगेतच त्याच्या चौपट वेळ जात होता.

हा उशीर कुठून येतो ते समजून घेण्यासारखे आहे. घरातल्या केबलवरून राउटरकडे डेटा 1000 मेगाबिटच्या वेगाने येऊ शकतो, पण बाहेर पडायची वाट 20 मेगाबिटची. उरलेली पॅकेट बफरमध्ये, म्हणजे तात्पुरत्या साठ्यात, रांग लावून थांबतात. इंटरनेटवर डेटा पाठवण्याच्या टीसीपी या नेहमीच्या नियमपद्धतीची रीत अशी की पॅकेट गळेपर्यंत पाठवणारा आपला वेग वाढवत राहतो. पॅकेट गळणे हीच त्याच्यासाठी 'आता आवर' अशी खूण असते. बफर अवाढव्य असला की काहीच गळत नाही, खूण मिळत नाही आणि रांग काठोकाठ भरते. लिनक्स या खुल्या संगणकप्रणालीत इथरनेटच्या (केबलच्या जोडणीच्या) रांगेची लांबी वर्षानुवर्षे 1000 पॅकेट अशी ठेवलेली असे. प्रत्येक पॅकेट 1500 बाइटचे धरले तर ही रांग 1 कोटी 20 लाख बिटांची होते आणि 20 मेगाबिटच्या वेगाने ती रिकामी व्हायला 0.6 सेकंद, म्हणजे 600 मिलिसेकंद लागतात. माझ्या पडद्यावर दिसलेला आकडा याच्या अगदी जवळचा होता. याच रांगेत डाउनलोडच्या पोचपावत्याही अडकतात, त्यामुळे अपलोड सुरू असताना वेबपानेही रखडत उघडतात.

या दुखण्याला 'बफरब्लोट' हे नाव 2010 च्या सुमारास संगणकतज्ज्ञ जिम गेटिस यांच्यामुळे रूढ झाले, आणि त्यांनाही ते स्वतःच्या घरच्या कनेक्शनवरच जाणवले होते. उपायही लगेच मिळाला. कॅथलीन निकोल्स आणि व्हॅन जेकबसन या नेटवर्कतज्ज्ञांनी 2012 मध्ये 'कोडेल' ही पद्धत मांडली. रांग किती लांब आहे याऐवजी प्रत्येक पॅकेट रांगेत किती वेळ थांबले, हे ती पाहते. हा वेळ 100 मिलिसेकंदांच्या अवधीत एकदाही 5 मिलिसेकंदांच्या खाली आला नाही, तर ती पॅकेट गाळायला लागते. त्याच वर्षी तिचे पुढचे रूप 'एफक्यू-कोडेल' लिनक्सच्या 3.5 आवृत्तीत आले, 2018 मध्ये त्याचे आरएफसी, म्हणजे इंटरनेटच्या पद्धतींची नोंद करणारा तांत्रिक दस्तऐवज, प्रसिद्ध झाले आणि त्याच वर्षी 'केक' ही आणखी सुधारलेली पद्धत 4.19 आवृत्तीत आली. हे सगळे मोफत आणि खुले आहे. घरगुती राउटरांपैकी कितीतरी लिनक्सवरच चालतात, म्हणूनच ही उणीव मला जास्त खटकते.

या राउटरच्या खोक्यावर मात्र 3000 हा आकडा ठळक छापलेला आहे. ती 2.4 गिगाहर्ट्झवरच्या 574 आणि 5 गिगाहर्ट्झवरच्या 2402 मेगाबिटची, थोडी वर गोल केलेली बेरीज आहे. एकाच वेळी दोन्ही बँडचा पूर्ण वेग कोणत्याही एका फोनला मिळत नाही. खोक्याच्या मागच्या बाजूला 'स्मार्ट क्यूओएस'चा, म्हणजे वाहतुकीला प्राधान्यक्रम लावणाऱ्या सोयीचा, उल्लेख आहे आणि तो वाचूनच मी हा राउटर निवडला होता. सेटिंग्जमध्ये त्याचे एक पान आहे: एक बटण, एकूण वेग भरायच्या दोन चौकटी आणि उपकरणांची यादी, ज्यातल्या एखाद्या उपकरणाला काही तासांसाठी 'उच्च प्राधान्य' देता येते. मी लॅपटॉपला प्राधान्य दिले आणि तीच चाचणी पुन्हा केली. पिंग 640 वरून 590 वर आला, एवढाच फरक. डाउनलोडचा वेग मात्र 300 वरून 170 पर्यंत घसरला, कारण क्यूओएस चालू केले की पॅकेट पुढे ढकलणारी हार्डवेअरची जलद वाट बंद होते आणि सगळा भार प्रोसेसरवर येतो.

मुळात प्राधान्य कोणाला द्यायचे, हा प्रश्नच इथे चुकीचा आहे. बोलण्याच्या आवाजाला सेकंदाला 100 किलोबिटही पुष्कळ होतात. त्याला वेग नको असतो, वाट मोकळी हवी असते. एफक्यू-कोडेल वाहतुकीची 1024 रांगांमध्ये विभागणी करते आणि त्यांना आळीपाळीने पुढे सोडते, त्यामुळे कॉलच्या छोट्या पॅकेटला व्हिडिओच्या हजार पॅकेटांमागे उभे राहावे लागत नाही. कोणते उपकरण महत्त्वाचे हे कोणी ठरवावे लागत नाही. मुलीच्या फोनला कायमचे खाली ढकलणे मला पटतही नाही, कारण त्याच फोनवरून ती तिच्या मैत्रिणींशी बोलते आणि अभ्यासाचे व्हिडिओ पाहते. त्याच पानावरच्या 'गेमिंग' आणि 'ऑफिस' या पर्यायांचाही फारसा उपयोग नाही. आज बहुतेक वाहतूक कूटबद्ध असते आणि एकाच 443 क्रमांकाच्या पोर्टवरून (जणू एकाच दारातून) जाते, तेव्हा वर्ग कुठला आणि बॅकअप कुठला हे राउटरने ओळखायचे कसे?

थोडा उपयोग झाला तो मुलीच्या फोनच्या अपलोडला 8 मेगाबिटची मर्यादा घातल्याचा. पण मग मध्यरात्री घर झोपलेले असतानाही तिचा बॅकअप त्याच कासवगतीने चालतो, आणि तिसऱ्या उपकरणाने अपलोड सुरू केले की सगळे पुन्हा मूळपदावर येते.

कंपनीच्या ग्राहक सेवेला मी पिंगचे आकडे आणि चाचणीची पद्धत व्यवस्थित लिहून पाठवली. उत्तरात राउटर रीसेट करा, फर्मवेअर अद्ययावत करा आणि जमल्यास मोठा प्लॅन घ्या, असे तीन सल्ले आले. पहिले दोन मी पाळले. फरक पडला नाही. तिसरा सल्ला मला मान्य नाही. वाट कितीही रुंद केली तरी मोठा अपलोड ती भरेपर्यंत वेग वाढवणारच.

शेवटी मी जुना राउटर माळ्यावरून काढला, त्यावर 'ओपनडब्ल्यूआरटी' हे राउटरसाठीचे खुले सॉफ्टवेअर बसवले आणि केक चालू करून अपलोडची मर्यादा 18 मेगाबिट ठेवली. प्रत्यक्ष वेगापेक्षा थोडी कमी मर्यादा ठेवायची ती यासाठी, की रांग मोडेममध्ये न साचता राउटरच्या ताब्यात राहावी. तीच केबल, तोच व्हिडिओ, तीच चाचणी: पिंग 13 ते 17 मिलिसेकंद. जुन्या प्रोसेसरला 300 मेगाबिट पेलत नाहीत, डाउनलोड 120 वरच थांबते, पण घरात कोणालाही ते जाणवलेले नाही. हा मार्ग मी सरसकट सगळ्यांना सुचवणार नाही. चुकीची फाइल चढवली तर राउटर निकामी होऊ शकतो आणि वॉरंटीचाही प्रश्न येतो.

घरात एकटे राहणाऱ्याला आणि मुख्यतः चित्रपट पाहणाऱ्याला हा राउटर चालून जाईल. ज्या घरातून कोणी शिकवते, मुलाखती देते किंवा डॉक्टरांशी व्हिडिओवर बोलते, त्यांनी तो घेऊ नये. दुसरा कोणताही घेताना सेटिंग्जमध्ये 'एसक्यूएम' (रांग आटोक्यात ठेवणारी सोय), 'एफक्यू-कोडेल' किंवा 'केक' यांपैकी एखादे नाव आहे का ते पाहावे, आणि परत करण्याची मुदत संपण्याआधी अपलोड सुरू ठेवून पिंग मोजावा. या चाचणीला पाच मिनिटे लागतात.

माझ्याकडे सध्या जुना राउटर पुढे आणि नवा त्याच्या मागे, नुसत्या वायफायपुरता, अशी जोडणी आहे. काल वर्ग सुरू असताना मुलगी आली, तिच्या फोनने सहलीचे व्हिडिओ चढवायला घेतले आणि मी त्रिकोणमितीचे अख्खे उदाहरण न थांबता सोडवून दाखवले.