डाइव्ह कॉम्प्युटर वर्षभर वापरल्यावर : विमानाचं ते चिन्ह आणि कोरड्या दिवसाचा खर्च

अंदमानात हॅवलॉकला पाण्याखाली चौदा मीटरवर असताना मनगटावरच्या डाइव्ह कॉम्प्युटरचा (खोली, वेळ आणि खाली श्वास घेताना अंगात विरघळणारा नायट्रोजन यांचा हिशोब ठेवणारं यंत्र) पडदा आधी धुरकटला, मग आकडे अर्धवट दिसायला लागले आणि मग काहीच दिसेना. गाइडला मनगट दाखवलं, त्याने अंगठा वर केला, म्हणजे वर चला. त्याच्या कॉम्प्युटरवर बघून पाच मीटरला तीन मिनिटांचा सेफ्टी स्टॉप, म्हणजे वर येण्याआधीचा थांबा, केला आणि बोटीवर आलो. टाकीत अजून १२० बार, म्हणजे निम्म्याहून जास्त हवा होती. तिचे पैसे मी भरले होते, म्हणून तो आकडा लक्षात आहे.

खरी चिडचिड पुढे झाली. दुसऱ्या दिवशीच्या दोन डाइव्ह ठरलेल्या होत्या, तर डाइव्ह सेंटरवाले म्हणाले उद्या नाही. कारण बरोबर होतं. त्या दिवसांत माझ्या अंगात किती नायट्रोजन विरघळलाय याचा हिशोब बंद पडलेल्या यंत्रात होता. भाड्याचा कॉम्प्युटर बांधला तर तो मला कोरी पाटी समजून शून्यापासून मोजणार. म्हणून २४ तास पाण्याबाहेर, आणि मग नवा कॉम्प्युटर. पैसे परत मिळाले नाहीत, 'पुढच्या वेळी आलात की वापरा' म्हणून जमा राहिले. पुढची वेळ म्हणजे पुन्हा विमान, पुन्हा फेरीबोट, पुन्हा हॉटेल.

वस्तू कोणती ते मुद्दाम सांगत नाही. वीसेक हजारांत मिळणारा, मनगटावर बांधायचा, सुरुवातीच्या वर्गातला कॉम्प्युटर आहे. ज्यांनी घेतलाय त्यांना फीचर्स माहीत आहेत आणि बाकीच्यांना त्यातल्या निम्म्यांची गरज नाही. घेण्यामागचा विचार निव्वळ काटकसरीचा होता. भाड्याला दिवसाचे चार-पाचशे पडतात, चाळीस-पन्नास दिवसांच्या डायव्हिंगमध्ये वसूल होईल. आणि सांगायला हवं, पाण्यात त्याने काम चोख केलं. या खोलीवर अजून किती मिनिटं थांबता येईल ते ठळक दिसतं. मी भराभर वर यायला लागले की किंचाळतो, आणि मी भराभर वर येते.

पण त्याच्यात विमानाचं एक चिन्ह आहे.

डाइव्ह संपली की पडद्याच्या कोपऱ्यात छोटं विमान येतं आणि शेजारी २४ तास उलटे मोजायला सुरुवात होते. तेवढ्यात विमानात बसायचं नाही. कारण केबिनमधला दाब समुद्रसपाटीचा नसतो, अठराशे ते चोवीसशे मीटर उंच डोंगरावर असतो तितका असतो. अंगातला नायट्रोजन निघून जायच्या आधी तिथे गेलात तर त्याचे बुडबुडे होऊ शकतात. हे कोर्समध्ये शिकवतात, वाद नाही. वाद पुढे आहे. डायव्हर्स अलर्ट नेटवर्क म्हणजे 'डॅन'च्या शिफारशी सांगतात की डीकॉम्प्रेशन (वर येताना घ्यावे लागणारे सक्तीचे थांबे) लागलं नसेल तर एकाच डाइव्हनंतर किमान १२ तास थांबा, सलग अनेक दिवस किंवा दिवसात अनेक डाइव्ह केल्या असतील तर किमान १८. माझं यंत्र सरसकट २४ लावतं. सहा मीटरवर वीस मिनिटं रांगून आलात तरी २४.

हे सहा तास माझ्या डोक्यात बसले. नवरा पाण्यात उतरत नाही, त्यामुळे त्याला ही सगळी चर्चा हास्यास्पद वाटते. पण मी बँकेत आहे, आकडे मांडल्याशिवाय चैन पडत नाही. कॉम्प्युटर दुरुस्तीला गेला तेव्हा एक्सेल उघडलं आणि आजवर गेले त्या सगळ्या ठिकाणांचा खर्च मांडला. पॅकेजचा भाव, दर डाइव्हचा भाव हे रकाने सगळेच करतात. मी एक जास्तीचा केला, 'कोरडा दिवस'. म्हणजे हॉटेल, जेवण, रजा सगळं खर्ची पडतंय आणि डाइव्ह शून्य. या रकान्याने क्रम बराच उलटापालटा केला.

अंदमानपासून सुरू करते. हॅवलॉकला (स्वराज द्वीप म्हणा, बोटवाले दोन्ही म्हणतात) प्रमाणपत्र असलेल्यांना किटसकट दर डाइव्ह चार हजारांच्या आसपास पडली. डिक्सन्स पिनॅकल, जॉनीज गॉर्ज अशा लांबच्या जागांना जास्त, आणि त्यांतल्या खोल भागासाठी अॅडव्हान्स्ड कोर्स झालेला लागतो, कारण ओपन वॉटर या पहिल्या प्रमाणपत्राची मर्यादा १८ मीटर. म्हणजे स्वस्त डाइव्ह आहेत त्या उथळ, आणि २०१० सालच्या ब्लीचिंगने (पाणी तापून प्रवाळ पांढरा पडतो त्याने) अंदमानातल्या उथळ प्रवाळाचंच फार नुकसान केलं. मासे भरपूर, पण रंगीत बागेची अपेक्षा ठेवून नेमो रीफवर गेलात तर खट्टू व्हाल. फेरीचे खासगी बोटीला दीड हजाराच्या पुढेमागे, सरकारी बोट फारच स्वस्त पण तिचं तिकीट मिळवणं हा स्वतंत्र उद्योग.

कोरडा दिवस मात्र अंदमानात वाया जात नाही. विमान पोर्ट ब्लेअरहून आहे (२०२४ पासून श्री विजयपुरम, तोंडात अजून जुनंच नाव), तिथे फेरीने परत यायचंच असतं. मराठी माणूस अंदमानला जाऊन सेल्युलर जेल न बघता, सावरकरांच्या कोठडीपुढे न थांबता परत येणार आहे का? मग तो दिवस तसाही तिथे जाणारच होता. शिवाय आमची एलएफसी, म्हणजे बँकेकडून मिणारी प्रवासभाड्याची सवलत, देशातच चालते, त्यामुळे विमानभाडं माझ्या हिशोबातून गळतं. ज्यांना ही सोय नाही त्यांनी मुंबईहून दोघांचे चाळीस हजार धरावेत, आणि मग अंदमान अजिबात स्वस्त राहत नाही. शिवाय समुद्र शांत असतो तो नोव्हेंबर ते एप्रिल, आणि त्यातला मार्च बँकवाल्यांसाठी नसतोच.

थायलंडमधल्या कोह ताओ बेटाचं गणित उलटं. ओपन वॉटर कोर्स दहा-बारा हजार बाथ, सुट्या डाइव्हचा हजारेक बाथ, म्हणजे आपल्याकडच्या भावापेक्षा बरंच कमी. बेटावर विमानतळ नाही आणि हेच माझ्या पथ्यावर पडलं. सकाळच्या डाइव्ह करून दुपारच्या कॅटामरान बोटीने किनाऱ्यावरच्या चुम्फोनला यायचं, तिथून बसने रात्री उशिरा बँकॉक, दुसऱ्या दिवशी संध्याकाळचं विमान. विमानाचं चिन्ह प्रवासातच विझतं, हॉटेलात बसून विझवावं लागत नाही. गैरसोय एकच पण मोठी, गर्दी. चुम्फोन पिनॅकल या पाण्याखालच्या खडकावर दोरीवरून खाली उतरताना दादरच्या पुलावर सकाळी नऊला असावं तसं वाटतं, कोणाचा पाय कोणाच्या तोंडात. सेल रॉकला जरा बरं. व्हेल शार्क दिसला तर सगळं माफ, पण तो दिसेलच असं नाही, आणि मला नाही दिसला.

बालीत तुलाम्बेन हे किनाऱ्यावरचं गाव. इथे मी पक्षपाती आहे. 'लिबर्टी' ही अमेरिकी लष्कराची मालवाहू बोट १९४२ च्या जानेवारीत जपानी पाणबुडीच्या टॉर्पेडोने निकामी झाली, इथल्या किनाऱ्यावर ओढून आणली, आणि १९६३ च्या आगुंग ज्वालामुखीच्या उद्रेकात घसरून पाण्यात गेली. आज ती किनाऱ्यापासून पोहत जाण्याइतकी जवळ आहे, साधारण पाच मीटरपासून तीसपर्यंत. बोट लागत नाही, म्हणून बोटीचे पैसे नाहीत, आणि स्वस्ताईचं मूळ तिथे आहे. टाक्या वाहतात गावातल्या बायका, काळ्या गोट्यांवरून, डोक्यावर घेऊन, कधी दोन-दोन. मला स्वतःची एक पाठीवर घेऊन ते गोटे पार करता येत नव्हते. त्यांचे पैसे डाइव्हच्या भावात धरलेले असतात, तरी वर काही द्या. काटकसरीलाही हद्द असते.

बालीत सुरुवातीलाच व्हिसाचे पाच लाख रुपिया आणि पर्यटन शुल्काचे दीड लाख जातात. आकडा ऐकून दचकू नका, एकूण साडेतीन हजार रुपयांच्या आसपास. कोरडा दिवस इथे स्वस्त, राहणं-खाणं मुंबईपेक्षा परवडतं. मात्र एक सापळा आहे. रिकाम्या दिवशी ड्रायव्हर हमखास किंतामणी दाखवायला नेतो आणि ते पंधराशे मीटरच्या घरात. विमानात बसलो नाही म्हणून चालतं असं नाही, डोंगरही तेच करतो. परतताना किनाऱ्याच्या रस्त्याने या. आणि मोसम आपल्या पावसाळ्याशी जुळतो, म्हणजे जून-जुलैत आपल्याकडे सगळं बंद असताना तिथे कोरडा ऋतू.

मालदीवला मी लाल रंग दिला होता. आम्ही लोकल बेटावरच्या, म्हणजे रिसॉर्ट नसलेल्या, स्थानिकांच्या वस्तीच्या बेटावरच्या गेस्टहाउसात राहिलो. डाइव्ह साठ डॉलर लिहिलेली, पण बिलात किटचं भाडं, १० टक्के सर्व्हिस चार्ज, त्यावर १७ टक्के जीएसटी. दर माणशी दर रात्री सहा डॉलर ग्रीन टॅक्स. निघताना इकॉनॉमीतल्या परदेशी माणसाला विमानतळावर ५० डॉलर कर आणि तेवढंच विमानतळ विकास शुल्क, दोन्ही तिकिटातच धरलेले असतात. कोरडा दिवस तर सगळ्यांत महाग, कारण दोन तासांत बेट पालथं घालून होतं आणि मग नवरा माझ्याकडे बघत बसतो. 'अगं, इथे लोक हनिमूनला येतात ना?' असं त्याने विचारलं. गंमत म्हणजे मांटांसाठी (पंखांसारखे कल्ले असलेले मोठे मासे) प्रसिद्ध असलेल्या हनिफारू बेला टाकी लावून उतरायला बंदीच आहे, तिथे फक्त स्नॉर्कल, म्हणजे तोंडात नळी धरून वरवर पोहणं. म्हणजे डायव्हर म्हणून गेलात आणि सगळ्यांत मोठा देखावा बिनटाकीचाच.

इथवर लिहून झाल्यावर मालदीवचा रकाना पुन्हा तपासला, आणि लाल रंग काढावा लागतोय. बोटीवर राहून डायव्हिंग करतात त्याचे मागवलेले भाव समोर होते. आठवड्याला तेराशे डॉलरच्या आसपास, म्हणजे एक लाख दहा-बारा हजार. त्यात सोळा-सतरा डाइव्ह, राहणं, तिन्ही वेळचं जेवण. कर धरले तरी दर डाइव्ह सात हजारांच्या मागेपुढे. हॅवलॉकला चार हजारांच्या डाइव्हवर हॉटेल आणि जेवण दिवसाच्या दोन डाइव्हमध्ये वाटून टाकलं तर साडेसहा येतात. फरक एवढाच! मुंबई-माले विमानभाडंही पोर्ट ब्लेअरच्या आसपासच. आणि शेवटचा कोरडा दिवस बोटीच्या भाड्यातच धरलेला. अडचण नवऱ्याची. बोटीवर न डायव्हणाऱ्याने आठवडाभर काय करायचं, आणि त्याचं भाडं का भरायचं, यावर आमच्याकडे उत्तर नाही. लाखभर रुपये एकदम बाहेर काढायला माझाही हात धजत नाही, हेही आहे.

मालवणबद्दल विचारणारे असतातच. तिथे हजाराच्या आत-बाहेर जे मिळतं तो पहिला अनुभव असतो. इन्स्ट्रक्टर तुम्हाला धरून नेतो आणि व्हिडिओ हातात देतो. घरच्यांना न्या, जरूर न्या. वरच्या भावांशी त्याची तुलना करू नका, ती वेगळी वस्तू आहे.

माझ्या कोरड्या रकान्यात शून्य मिळवणारं ठिकाण एकच निघालं, कर्नाटकात मुरुडेश्वरजवळचं नेत्राणी बेट. दुपारी कुर्ल्याहून मत्स्यगंधा धरली की पहाटे मुरुडेश्वर. सकाळी बोटीने तासाभराहून जास्त, दोन डाइव्ह, आणि वेळेत किनाऱ्याला लागलात तर संध्याकाळच्या गाडीने परत. विमान नाही, घाट नाही, चिन्ह काहीही दाखवो. पुण्याहून गाडीने आलेल्या मैत्रिणीला मात्र त्याच रात्री घाट चढू दिला नाही, कारण डायव्हिंगच्या नियमांत ३०० मीटरच्या वर गेलात की ती उंचीच. नेत्राणीला पाणी कधी स्वच्छ, कधी हिरवंगार. बोटीत मळमळतं, माझ्या बाजूचे दोघे डाइव्हच्या आधीच ओकून रिकामे झाले होते. पण इतक्या पैशांत इतके मासे मुंबईपासून एका रात्रीवर दुसरीकडे मिळत नाहीत.

आता दुरुस्तीचं. पाणी बॅटरीच्या झाकणातून शिरलं होतं. ती बॅटरी सहलीच्या आधी त्याच विक्रेत्याने बदलून दिली होती, पैसे घेऊन. तरी पहिलं उत्तर, 'मॅडम, पाणी गेलं तर वॉरंटीत बसत नाही.' पाण्याखाली वापरायचं यंत्र! मी बॅटरी बदलल्याची पावती आणि झाकणाचा फोटो पाठवला, ओ-रिंगला (पाणी अडवणारी रबरी कडी) चिकटलेला केस त्यात स्पष्ट दिसत होता. केस कोणाचा यावर दोन आठवडे ईमेल चालली. शेवटी मजुरी त्यांनी सोडली, सुट्या भागाचे पैसे माझ्याकडून घेतले. आता बॅटरी, ओ-रिंग आणि सिलिकॉन ग्रीस असं पाकीट मी स्वतः बाळगते, झाकण नाण्याने उघडतं, पाच मिनिटांचं काम आहे. बदलल्यावर बादलीत बुडवून बुडबुडे येत नाहीत ना ते बघते.

त्यांना जाता जाता विचारलं, ते २४ चे १८ करता येतात का. नाही म्हणाले. घरी येऊन तक्त्यावर पाहिलं तर त्या सहा तासांचा फटका फक्त सकाळच्या विमानाला बसतो. आदल्या दिवशी दुपारी बारापर्यंत पाण्याबाहेर आलात, तर संध्याकाळच्या विमानाला १८ असो की २४, दोन्ही चालतात. संध्याकाळचं तिकीट दोनेक हजारांनी महाग असतं, हॉटेलची रात्र त्याहून जास्त. म्हणजे वर्षभर ज्या चिन्हावर चिडत होते ते तिकीट काढण्याच्या वेळेचं भांडण होतं, यंत्राशी त्याचा फारसा संबंध नाही. पडदा उन्हात नीट दिसत नाही आणि बटण हातमोज्यातून दाबलं जात नाही या तक्रारी मात्र कायम.

सध्या डिसेंबरच्या नेत्राणीचं तिकीट काढलंय, स्लीपरला वेटिंग १४. नवरा येतोय, त्याला मुरुडेश्वरचं देऊळ बघायचंय.