वजनाच्या इंजेक्शनचा त्रास: ताट बदलायचं, डोस थांबवायचा, गोळी घ्यायची की औषधच बदलायचं?

वजन कमी करायची ही दोन इंजेक्शनं: वेगोवी म्हणजे सेमाग्लुटाइड आणि माउंजारो म्हणजे टिर्झेपॅटाइड. दोन्ही 2025 मध्ये भारतात विक्रीला आली, दोन्ही आठवड्यातून एकदा घ्यायची. दोन्हींमुळे जठरातलं अन्न पुढे सरकण्याचा वेग मंदावतो. भूक कमी होण्यात त्याचा वाटा आहे आणि मळमळ, करपट ढेकर, पोट साफ न होणं यांतही आहे. त्यामुळे अजिबात त्रास न देणारं इंजेक्शन शोधण्यात अर्थ नाही. त्रास झाला तर आधी काय बदलायचं, हे ठरवून ठेवावं. आमचा क्रम असा: आधी ताट, मग डोसचा वेग, मग त्रासावरची गोळी आणि शेवटी इंजेक्शन. गोळी तिसऱ्या नंबरावर आहे, कारण मळमळीची एखादी गोळी पोट साफ होऊ देत नाही, पोट साफ करायला घेतलेला इसबगोलाचा भुसा पोट फुगवतो, आणि बघता बघता एका इंजेक्शनच्या मागे चार औषधांची रांग लागते.

दोन इंजेक्शनं शेजारी शेजारी

या दोघांची समोरासमोर तुलना सर्माउंट-5 या चाचणीत झाली. मधुमेह नसलेले 751 लोक, 72 आठवडे, प्रत्येकाला झेपेल तेवढा मोठा डोस. आकडे साधारण असे:

| | सेमाग्लुटाइड | टिर्झेपॅटाइड |
|---|---|---|
| सरासरी वजनघट | 13.7% | 20.2% |
| मळमळ | 44% | 44% |
| उलटी | 21% | 15% |
| बद्धकोष्ठ | 28% | 27% |
| टोचलेल्या जागी लाली, खाज | 1 टक्क्याहून कमी | 8–9% |
| पोटाच्या त्रासामुळे औषध सोडलं | 5.6% | 2.7% |

मळमळीत काडीचा फरक नाही. उलटीत आहे, आणि औषध सोडण्यात आहे. त्यामुळे "मळमळतंय म्हणून दुसरं घेऊन बघतो" हा बेत फारसा फळत नाही. "उलट्या थांबतच नाहीत" हे मात्र बदलाचं रास्त कारण आहे. टोचलेल्या जागेची लाली सहसा आपोआप ओसरते. पेन फ्रीजमधून काढून अर्धा तास बाहेर ठेवलं आणि दर आठवड्याला जागा बदलली तर टोचणं कमी जाणवतं. पोटाऐवजी मांडीत घेतल्याने मळमळ कमी होते असं बरेच जण सांगतात. पोट, मांडी, दंड या तिन्ही जागांवरून औषध जवळपास सारखंच शोषलं जातं, तेव्हा करून बघायला हरकत नाही, पण भरवसा ठेवू नये.

ताट आणि वार

पहिल्या महिन्यात इथेच सगळ्यात जास्त फरक पडतो, आणि इथेच लोक सगळ्यात कमी लक्ष देतात. दोन पोळ्या, भाजी, वरण-भात हे नेहमीचं जेवण जठरात आता कितीतरी जास्त वेळ राहतं. पोट भरल्याची जाणीव उशिरा होते, तोवर दोन घास जास्त गेलेले असतात, आणि मग तासाभराने मळमळतं. नेहमीच्या निम्मं वाढून घ्या. आधी डाळ, अंडं, पनीर किंवा मासा खा, मग पोळी, भात सगळ्यात शेवटी. जेवणाला वीस-पंचवीस मिनिटं द्या. पाणी जेवणाबरोबर तांब्याभर पिऊ नका, दोन जेवणांच्या मध्ये घोट-घोट प्या. रात्रीचं जेवण आणि आडवं होणं यांत तीन तासांचं अंतर ठेवा. तेल-तूप जठराला आणखी मंद करतं, म्हणून मिसळीची तर्री, वडापाव, बटाटेवडे यांनी जेवढा त्रास होतो तेवढा मऊ मुगाच्या खिचडीने होत नाही. सडक्या अंड्यासारख्या वासाचे ढेकर आले की आदल्या रात्रीचं जेवण आठवून बघा. बहुतेक वेळा ते उशिराचं आणि तेलकट असतं.

वार निवडताना हिशोब साधा आहे. सेमाग्लुटाइड रक्तात एक ते तीन दिवसांत शिगेला पोचतं, टिर्झेपॅटाइड आठ तास ते तीन दिवसांत. शनिवारी रात्री इंजेक्शन घेतलं तर रविवारचं मटण नेमकं त्या वेळेत सापडतं. घरी रविवारी भरपेट जेवण होत असेल तर सोमवार किंवा मंगळवार बरा. कामाच्या दिवशी मळमळ परवडत नसेल तर शुक्रवारी रात्री घ्या आणि रविवारचा रस्सा आवरता घ्या. दोन्ही साधणार नाही.

उपवास हा वेगळा मामला. दिवसभर रिकामं पोट आणि मग एकदम तुपातली साबुदाण्याची खिचडी, यात मळमळ जवळजवळ ठरलेली. त्यात प्रथिनं जवळपास नाहीतच. उपवास सोडायचा नसेल तर दूध, दही, शिंगाडा, मूठभर दाणे असं थोडं-थोडं दर तीन तासांनी खा. निर्जळी उपवास या औषधावर करू नका.

डोस: तिथेच थांबा, खाली या, की पुढे जा

सेमाग्लुटाइडची चढण 0.25, 0.5, 1, 1.7 आणि 2.4 मिलिग्रॅम अशी, टिर्झेपॅटाइडची 2.5 पासून 15 पर्यंत अडीच-अडीचने. प्रत्येक पायरीवर किमान चार आठवडे. किमान, बरं का. पाचव्या आठवड्यात वाढवलंच पाहिजे असं कुठेही लिहिलेलं नाही.

मळमळ इंजेक्शननंतर दोन-तीन दिवसांत ओसरत असेल आणि दर आठवड्याला कमी होत असेल, तर ठरल्याप्रमाणे पुढे जा. आठवडाभर टिकत असेल पण खाणं-पिणं चालू असेल, तर त्याच डोसवर आणखी चार आठवडे थांबा. डॉक्टर बहुधा हेच सांगतील. रोज उलटी होत असेल किंवा दिवसाला लिटरभरही पाणी पोटात टिकत नसेल, तर पुढचं इंजेक्शन घेण्याआधी फोन करा आणि एक पायरी खाली या.

खाली येण्यात कमीपणा नाही. टिर्झेपॅटाइड 5 मिलिग्रॅमवर सर्माउंट-1 चाचणीत 72 आठवड्यांत सरासरी सुमारे 15 टक्के वजन घटलं. सेमाग्लुटाइडच्या पूर्ण 2.4 वर स्टेप-1 मध्ये 68 आठवड्यांत 14.9 टक्के. चाचण्या वेगळ्या, त्यामुळे काटेकोर तुलना नको, पण 10 वर हैराण झालेल्याने 5 वर परत यायला घाबरू नये एवढं त्यातून नक्की समजतं. सेमाग्लुटाइडच्या खालच्या पायऱ्यांवर तेवढी मोकळीक मिळत नाही.

एक इंजेक्शन चुकवलं की लगेच बरं वाटेल, ही अपेक्षा ठेवू नका. सेमाग्लुटाइड अर्धं व्हायला सुमारे सात दिवस लागतात, टिर्झेपॅटाइडला पाच. इंजेक्शनच बदलायचं झालं तर मिलिग्रॅमची बरोबरी करू नका: 2.4 वाल्याला 2.5 'तेवढंच' असतं हा गैरसमज आहे. नवीन औषध सहसा खालच्या पायरीवरून, शेवटच्या इंजेक्शननंतर आठवड्याने सुरू होतं.

मळमळीची गोळी: डॉमपेरिडोन की ऑन्डान्सेट्रॉन

डॉमपेरिडोन जठराला पुढे ढकलतं, म्हणून जेवणाआधी अर्धा तास 10 मिलिग्रॅम घेतलं तर जडपणा आणि मळमळ दोन्हींवर उपयोग होतो. दिवसाची मर्यादा 30 मिलिग्रॅम, आणि तेही थोडेच दिवस. घोळ होतो तो इथे: गॅससाठी उपाशी पोटी घेतल्या जाणाऱ्या, नावाच्या शेवटी 'डी' किंवा 'डीएसआर' असलेल्या बऱ्याच कॅप्सूलमध्ये पँटोप्रॅझोल किंवा रॅबेप्रॅझोलबरोबर 30 मिलिग्रॅम डॉमपेरिडोन आधीच असतं. त्यावर आणखी गोळ्या घेतल्या की मर्यादा ओलांडली. पाकिटाच्या मागची बारीक अक्षरं वाचा.

ऑन्डान्सेट्रॉन 4 मिलिग्रॅम, जिभेवर विरघळणारी गोळी, उलटी थांबवायला जास्त भरवशाची. उलटी होतच असेल तर हीच बरी, कारण गिळलेली गोळी पोटात टिकत नाही. पण ती आतड्यांची हालचाल मंद करते. इंजेक्शनने आधीच पोट साफ होत नसताना रोज ऑन्डान्सेट्रॉन घेणाऱ्याला चौथ्या दिवशी मळमळ जास्त वाटते, कारण आता ती बद्धकोष्ठामुळे असते. मग तो आणखी एक गोळी घेतो. आमचं मत: ऑन्डान्सेट्रॉन डोस वाढवल्यानंतरच्या दोन दिवसांपुरती जवळ ठेवा, रोजची करू नका. दोन्ही गोळ्या हृदयाच्या ठोक्यांच्या लयीवर परिणाम करू शकतात. हृदयाचा आजार असेल किंवा अ‍ॅझिथ्रोमायसिनसारखं अँटिबायोटिक चालू असेल तर यातली कुठलीच स्वतःच्या मनाने घेऊ नका, दोन्ही एकत्र तर नाहीच.

आल्याचा तुकडा चघळणं निरुपद्रवी. आल्याचा कडक चहा उपाशी पोटी मात्र छातीत जळजळ वाढवतो.

पोट साफ होत नाही: इसबगोल, पीईजी, लॅक्टुलोज, चूर्ण

खाणं निम्म्यावर आलं की शौचही कमी होणारच. दोन दिवसांनी एकदा, पण मऊ आणि जोर न लावता होत असेल तर ते बद्धकोष्ठ नाही. कडक खडे, कुंथावं लागणं, चार दिवस काहीच नाही, याला उपाय हवा.

घरात पहिला हात जातो तो इसबगोलाकडे. एक चमचा भुशाला मोठा पेलाभर, म्हणजे 240 मिलिलिटर पाणी लागतं आणि त्यानंतर दिवसभरही पुरेसं पाणी लागतं. या औषधावर नेमकं पाणीच कमी जातं. मग भुसा जठरात फुगून बसतो, गुबारा धरतो, भूक आणखी मरते. ज्यांना मळमळ नाही आणि पाणी व्यवस्थित जातं त्यांनाच इसबगोल द्यावा. बाकीच्यांसाठी पॉलिइथिलीन ग्लायकॉलची पावडर, म्हणजे पीईजी, आम्हाला उजवी वाटते: 17 ग्रॅम पेलाभर पाण्यात, रोज एकदा, एक ते तीन दिवसांत परिणाम, गॅस कमी. लॅक्टुलोज 15 ते 30 मिलिलिटर हेही चालतं, पण गोड चवीने काहींना मळमळतं आणि पोट फुगतं. फुगण्याचीच तक्रार असेल तर टाळा. सोनामुखीचं चूर्ण किंवा बिसाकोडिल रात्री घेतलं की सकाळी काम होतं. अडलेल्या दिवशी एकदा ठीक आहे, रोजचा उपाय पीईजीच.

पोट टम्म फुगलंय, वातही सरत नाही आणि उलट्या होतायत, अशा वेळी यातलं काहीच घेऊ नका. आतडं अडल्याची शक्यता असते. थेट हॉस्पिटल गाठा.

जुलाब झाले तर

ओआरएसचं पाकीट ज्या मापाचं आहे तेवढ्याच पाण्यात कालवा. एक लिटरचं पाकीट एका पेल्यात टाकलं तर मीठ जास्त होऊन जुलाब वाढतात. टेट्रापॅकमधली गोड पेयं ओआरएस नव्हेत. अशा पेयांच्या नावात तो शब्द वापरायला एफएसएसएआय या अन्न नियामक संस्थेने ऑक्टोबर 2025 मध्ये मनाई केली. मधुमेहाची मेटफॉर्मिन गोळी चालू असेल तर जुलाबात त्याचाही हात असू शकतो.

जुलाब-उलट्यांच्या दिवशी रोजच्या गोळ्यांचा डबा तसाच रिकामा करू नका. डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन या मधुमेहाच्या गोळ्या घेणाऱ्याचं खाणं बंद पडलं तर रक्तातली साखर फार वाढलेली नसतानाही कीटोअ‍ॅसिडोसिस, म्हणजे रक्तात धोकादायक आम्ल साचणं, होऊ शकतो. लघवीच्या गोळ्या आणि काही बीपीच्या गोळ्या कोरड्या पडलेल्या शरीरात मूत्रपिंडावर ताण आणतात. ग्लिमेपिराइड किंवा इन्सुलिनमुळे साखर खाली जाते. यातली कोणती, किती दिवस थांबवायची, हे इंजेक्शन सुरू करतानाच डॉक्टरांकडून लिहून घ्या. अंग दुखतंय म्हणून आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक नको, पॅरासिटामॉल चालेल.

केस, आणि दोघांमधला एक महत्त्वाचा फरक

केस गळतात ते वजन झपाट्याने उतरल्यामुळे, साधारण तिसऱ्या-चौथ्या महिन्यात, आणि बहुतेकांचे परत येतात. प्रथिनं मोजा: अंड्यात 6 ग्रॅम, 100 ग्रॅम पनीरमध्ये सुमारे 18, वाटीभर घट्ट वरणात सहा-सात. दिवसाला वजनाच्या किलोमागे निदान एक ग्रॅमचं लक्ष्य ठेवा. फेरिटिन (लोहाचा साठा), बी-12, टीएसएच (थायरॉइड) तपासा. केसांसाठी बायोटिन हे जीवनसत्त्व घेत असाल तर रक्त द्यायच्या दोन-तीन दिवस आधी बंद करा, नाहीतर थायरॉइडचे आकडे चुकतात.

गर्भनिरोधक गोळी घेणाऱ्यांसाठी निवड बदलते. टिर्झेपॅटाइडमुळे गोळीचं शोषण घटतं. सुरुवातीला चार आठवडे आणि प्रत्येक डोसवाढीनंतर चार आठवडे कंडोमही वापरावा लागतो. सेमाग्लुटाइडला ही अट नाही, पण गोळीनंतर लगेच उलटी झाली तर गोळी वाया गेली हे दोन्हीकडे लागू. मूल हवं असेल तर सेमाग्लुटाइड दोन महिने आधी थांबवायचं, टिर्झेपॅटाइड एक महिना. स्वतःला किंवा घरात कुणाला मेड्युलरी थायरॉइड कॅन्सर झालेला असेल तर दोन्ही नकोत.

थांबून बघायचं नाही असं काही

पोटाच्या वरच्या भागात सुरू होऊन पाठीत जाणारी, न थांबणारी कळ स्वादुपिंडाची असू शकते. उजव्या बरगडीखाली दुखणं, ताप, डोळे पिवळे, हे पित्ताशयाचं. वजन भराभर उतरताना खडे होतात. एका डोळ्याची नजर अचानक गेली तर त्याच दिवशी डोळ्यांचे डॉक्टर. सेमाग्लुटाइडचा हा अतिशय दुर्मीळ दुष्परिणाम युरोपच्या औषध नियामकांनी जून 2025 मध्ये मान्य केला. चोवीस तास पाणीही टिकत नाही आणि लघवी गडद, थोडी होतेय, तर सलाइनची गरज आहे. यातल्या कशावरही अँटासिड घेऊन सकाळची वाट बघू नका. कॅज्युअल्टीत गेल्यावर पहिल्याच वाक्यात इंजेक्शनचं नाव, डोस आणि शेवटचं कधी घेतलं ते सांगा. ऑपरेशन ठरलं असेल तर भूलतज्ज्ञालाही तेच सांगा, कारण आठ तास उपाशी राहूनही जठरात अन्न उरलेलं असू शकतं.