टॅटू वर्षानुवर्षं ठसठशीत ठेवायचा, तर नक्की कशावर भर द्यायचा?

टॅटू फिका पडल्यासारखा वाटला की बहुतेक जण दोनपैकी एक गोष्ट करतात. टॅटूचा रंग 'उजळवणारं' बाम आणतात, नाहीतर थेट टचअपची, म्हणजे त्याच जागी पुन्हा शाई भरून घेण्याची, वेळ ठरवून मोकळे होतात. या दोन्हींच्या आधी एक साधी परीक्षा करून बघा.

टॅटू सौम्य साबणाने धुवा, टिपून कोरडा करा आणि दहा मिनिटं काहीही न लावता ठेवा. मग ओल्या कापसाने त्याचा फक्त अर्धा भाग भिजवा आणि खिडकीजवळच्या उजेडात फोटो काढा. ओला भाग थोडा गडद दिसणारच, कुठलीही त्वचा तशी दिसते. पण ओल्या भागात काळा रंग एकदम खोल, कडा स्पष्ट आणि कोरड्या भागात त्यावर राखाडी धूळ बसल्यासारखी वाटत असेल, तर शाई जागच्या जागी आहे. कोरड्या त्वचेच्या पापुद्र्यांवर उजेड विखुरतोय, एवढंच. दोन्ही भागांत रेषा तेवढ्याच फिक्या आणि पसरट दिसल्या, तर मात्र शाईच कमी झाली आहे. पहिल्या प्रकारात साधं मॉइश्चरायझर पुरतं. दुसऱ्यात महागातलं महाग बाम चोळूनही काही हाती लागत नाही.

याचं कारण शाईच्या जागेत आहे. ती वरच्या थरात नसते. वरचा थर साधारण महिना-दीड महिन्यात झडून नवा येतो, तिथे शाई असती तर तीही त्याच्याबरोबर गेली असती. सुई ती त्याखालच्या थरात, साधारण 1 ते 2 मिलिमीटर खोल सोडते. तिथे शरीरातल्या भक्षक पेशी शाईचे कण गिळून बसतात. अशी पेशी मेली की कण मोकळे होतात आणि नवी पेशी ते पुन्हा गिळते. मार्सेलच्या संशोधकांनी 2018 मध्ये उंदरांवर ही देवाणघेवाण दाखवून दिली. वर्षं सरतात तसे काही कण थोडे बाजूला सरकतात, अगदी बारीक कण लसिकाग्रंथींकडे (लिम्फ नोड्सकडे) निघून जातात. म्हणून रेषा दहा वर्षांत थोडी जाड आणि थोडी फिकी होणारच. ते कुणाला थांबवता येत नाही. ऊन मात्र रंगाचा रेणूच तोडतं आणि त्याला अडवणं सर्वस्वी आपल्या हातात आहे.

कापड की सनस्क्रीन

जमेल तिथे कापडच. सनस्क्रीन कमी दर्जाचं असतं म्हणून नव्हे, तर ते पुरेसं लावलंच जात नाही म्हणून.

बाटलीवरचा एसपीएफ, म्हणजे ऊन किती अडतं ते सांगणारा आकडा, मोजताना दर चौरस सेंटिमीटरला 2 मिलिग्रॅम इतका जाड थर दिलेला असतो. मनगटापासून खांद्यापर्यंत पूर्ण हात रंगवलेला असेल, तर एका वेळी साधारण 3 ग्रॅम, म्हणजे चहाचा अर्धा चमचा भरून थोडं जास्त सनस्क्रीन लागतं. ते हातावर घेतलं की 'बापरे, एवढं?' असंच वाटतं. बहुतेक लोक त्याच्या निम्म्याहून कमी लावतात, आणि तेवढ्यावर संरक्षणही निम्म्यावर किंवा त्याहून खाली येतं. उघड्यावर दिवसभर काम असेल तर दर दोन तासांनी पुन्हा लावायचं, म्हणजे दिवसाला चार वेळा, एका हाताला 12 ग्रॅम. 50 ग्रॅमची ट्यूब चार दिवसांत संपेल. हे वर्षभर कोण करणार?

त्याऐवजी यूपीएफ 50 ची (यूपीएफ म्हणजे कापडासाठीचा तसाच आकडा) बाही चढवली की अतिनील किरणांचा पन्नासावा हिस्साच आत येतो. ती पुन्हा लावावी लागत नाही, घामाने वाहत नाही. फक्त घरातला पातळ पांढरा सुती टी-शर्ट म्हणजे तीच गोष्ट समजू नका. त्याचं संरक्षण खूपच कमी असतं आणि भिजल्यावर आणखी घटतं. कापड दिव्यासमोर धरा; विणीतून उजेड आरपार दिसला तर ऊनही येणार. गडद रंगाचं, घट्ट विणीचं कापड बरं. ताणून बसणारी बाही असेल तर एक माप मोठी घ्या, कारण कापड ताणलं की वीण उघडते.

सनस्क्रीन लागतंच ते मान, हाताची पाठ, पाऊल अशा झाकता न येणाऱ्या जागांसाठी आणि पोहताना. छोट्या टॅटूला ते परवडतंही: 10 बाय 15 सेंटिमीटरच्या चित्राला 0.3 ग्रॅम पुरतं. तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत काढलेली रेघ साधारण अर्ध्या ग्रॅमची भरते, त्यात हे चित्र कडांसकट आरामात झाकलं जातं.

एसपीएफ 30 आणि 50 यांच्यात दिसतो तेवढा फरक नाही. नीट लावलं तर 30 मधून यूव्हीबी या प्रकारच्या अतिनील किरणांचा सुमारे 3 टक्के भाग आत येतो, 50 मधून 2 टक्के. आपण कमीच लावतो हे धरून 50 घ्यावं. त्याहून महत्त्वाचं म्हणजे यूव्हीए या दुसऱ्या प्रकारच्या अतिनील किरणांपासून संरक्षणाची खूण बघावी. यूव्हीए जास्त खोल जातं आणि खिडकीच्या साध्या काचेतूनही येतं. रोज गाडी चालवणाऱ्याच्या खिडकीकडच्या हातावरचा टॅटू म्हणूनच दुसऱ्या हातावरच्या आधी फिका पडू शकतो.

झिंक ऑक्साइड आणि टायटॅनियम डायऑक्साइडवालं खनिज सनस्क्रीन संवेदनशील त्वचेला सोसतं, पण सावळ्या त्वचेवर आणि काळ्या शाईवर पांढुरका थर ठेवतं. ज्यासाठी टॅटू काढला तेच झाकलं जातं आणि मग माणूस ते लावणं सोडून देतो. त्वचेला त्रास होत नसेल तर पारदर्शक बसणारं रासायनिक फिल्टरचं लोशन निवडावं. स्टिक छोट्या टॅटूला सोयीची, पण त्याच जागेवरून चार वेळा फिरवा. स्प्रे वाऱ्यावर उडतो. त्याच्यावर भिस्त ठेवू नका.

मॉइश्चरायझर: लोशन, पेट्रोलियम जेली की बाम

इथे फार डोकं घालवण्यासारखं नाही. बिनवासाचं, ग्लिसरीन असलेलं साधं लोशन, अंघोळीनंतर त्वचा ओलसर असतानाच लावायचं. कोपर, पोटरी अशा खरखरीत जागी 5 ते 10 टक्के युरिया असलेलं क्रीम जास्त चांगलं, ते पापुद्रे मऊ करून सोडवतं. पेट्रोलियम जेली ओल धरून ठेवते पण चिकट राहते, कपड्यांना लागते. रात्री लावायला ठीक. टॅटूसाठी म्हणून विकली जाणारी बाम बहुतेक वेळा मेण, वनस्पतिजन्य बटर आणि तेलांचं मिश्रण असतात. लावल्यावर चकाकी येते ती वरच्या पापुद्र्यांना तेल लागल्यामुळे. शाईला त्यातलं काही मिळत नाही. आवडत असेल तर वापरा, पण त्या पैशांत आधी बाही घ्या. आणि कुठलंही तेल सनस्क्रीनचं काम करत नाही.

पहिले दोन आठवडे: फिल्म की उघडं ठेवणं

पाच वर्षांनी दिसणारे ठिपके-ठिपके बऱ्याचदा या पंधरा दिवसांत तयार झालेले असतात. जाड खपली ओढली गेली की तिच्याबरोबर शाई निघते आणि तिथे कायमची फिकी जागा राहते.

टॅटूवर चिकटवायच्या पातळ पॉलियुरेथेन (प्लॅस्टिकच्या) फिल्मचा फायदा हाच, की तिच्याखाली खपली जाड होत नाही. सर्वसाधारण पद्धत अशी: पहिला तुकडा सुमारे 24 तास, मग धुऊन, कोरडं करून दुसरा तुकडा 3 ते 5 दिवस. पहिल्या दिवशी आत शाई आणि जखमेतून झिरपणाऱ्या द्रवाचं काळपट पाणी साचतं, ते पाहून घाबरू नका. पण कडेने गळती सुरू झाली तर फिल्म लगेच काढायची. गळायला वाट आहे म्हणजे जंतूंना आत यायलाही वाट आहे. कडेला चौकोनी लाली, बारीक पुटकुळ्या आणि खाज आली तर गोंद सोसत नाही असं समजून तीही काढावी. काढताना कोमट पाण्याखाली त्वचेला समांतर ताणत जा. वर खेचू नका.

उघडं ठेवायचं असेल तर दिवसातून दोन-तीनदा धुणं, टिपणं आणि मलमाचा अगदी पातळ थर. चूक होते ती इथे: प्रेमापोटी थर जाड होतो. त्वचा ओलीचिंब राहते, खपली लिबलिबीत होते आणि कपड्याला चिकटून निघून येते. मलम लावल्यावर टॅटू चकचकीत दिसत असेल तर ते जास्त झालंय, कागदाने टिपून घ्या. दोन-तीन दिवसांनी मलम बंद करून बिनवासाच्या लोशनवर या.

निवड सोपी आहे. धुळीत, घामात, गणवेशात काम करणाऱ्यांना फिल्म. चिकटपट्टीची ॲलर्जी असलेल्यांना आणि खूप केसाळ जागेला उघडं. दोन्हींत पूर्ण भरून येईपर्यंत पोहणं नाही, सनस्क्रीनही नाही. तोवर सैल कापडाने झाकायचं.

अजून काढलाच नसेल तर

मग तुमचं निम्मं काम इथेच होणार आहे. बारीक रेषेचा टॅटू पहिल्या वर्षी देखणा दिसतो, पण रेषा पसरणार हे आधीच धरून चालायला हवं. प्रश्न रेषेच्या जाडीपेक्षा दोन रेषांमधल्या मोकळ्या जागेचा आहे. देवनागरी अक्षरांत हे चटकन कळतं: 'ठ'चं पोट, 'ष'मधली तिरकी रेघ, 'द्ध'ची गाठ आणि शिरोरेषेला खेटून बसलेला अनुस्वार. अक्षर लहान असेल तर काही वर्षांत पोट भरतं, अनुस्वार शिरोरेषेत मिसळतो आणि नाव वाचता येईनासं होतं. नक्षा खऱ्या मापात छापा, दोन मीटरवर भिंतीला लावा. तिथून आतल्या पोकळ्या आजच दिसत नसतील तर माप वाढवा किंवा मजकूर कमी करा.

काळी शाई कार्बनची असते, उन्हाला सर्वांत जास्त टिकते. काळानुरूप किंचित निळसर दिसू लागते. पिवळा, पांढरा आणि फिकट छटा लवकर उतरतात. बरेच लाल-पिवळे-नारिंगी रंग अझो नावाच्या सेंद्रिय (कार्बनी) रंगद्रव्यांचे असतात आणि ते उन्हात तुटतात. शिवाय शाई आपण नेहमी वरच्या त्वचेच्या रंगातून पाहतो. सावळ्या त्वचेवर पांढरा पिवळट आणि फिकट निळा मळकट दिसतो. तिथे काळा, गडद लाल, गडद हिरवा जास्त उठून दिसतात. रंगीत हवाच असेल तर काळ्या बाह्यरेषेच्या आत घ्या. रंग उतरला तरी आकार शाबूत राहतो.

जागेचं म्हणाल तर दंडाचा बाहेरचा भाग, मनगटाच्या वरचा आतला हात, पाठ, मांडी या भरवशाच्या. बोटं, तळव्याची कड, पायाच्या कडा इथे घर्षण जास्त, त्वचा भराभर झडते, शाई असमान बसते. तिथे टॅटू काढायचा तर दर थोड्या वर्षांनी टचअप करायची तयारी ठेवूनच काढा.

टचअप, कव्हर-अप की लेझर

रेषेत मधेच तुटक जागा, शेडिंगमध्ये ठिपके, रंग उतरलेला पण आकार नीट: इथे टचअप. नव्या टॅटूवर तो किमान सहा ते आठ आठवड्यांनी, त्वचेची चकाकी आणि सोलणं पूर्ण थांबल्यावर. घाईने त्याच जागी पुन्हा सुई गेली तर व्रण उठतो, आणि व्रणात शाई नीट बसत नाही. जुन्या रंगीत टॅटूला हुबेहूब तीच छटा मिळेलच असं नाही. युरोपीय संघाने जानेवारी 2022 पासून टॅटूच्या शाईतल्या हजारो रसायनांवर निर्बंध घातले, 2023 पासून 'निळा 15:3' आणि 'हिरवा 7' अशा क्रमांकांची रंगद्रव्यंही त्यात आली. त्यानंतर अनेक शायांची घडण बदलली. म्हणून फक्त एक पाकळी रंगवण्यापेक्षा त्या रंगाचा सगळा भाग एकदम भरून घेणं चांगलं.

रेषेभोवती निळसर धुकं असेल, म्हणजे सुई फार खोल जाऊन शाई पसरली असेल, तर टचअपचा उपयोग नाही. रेषा आणखी जाड करून ते धुकं झाकणं एवढाच त्यातला मार्ग. पोकळ्याच भरून गेल्या असतील तर कव्हर-अपचा, म्हणजे जुन्यावर नवं चित्र काढून ते झाकण्याचा, विचार करा. पण नवं चित्र जुन्याच्या दुप्पट-तिप्पट मोठं आणि जास्त गडद होतं, हे आधीच मान्य करा.

गडद जुन्या टॅटूवर हलकं चित्र हवं असेल, तर आधी लेझरने फिका करून घेणं सरस ठरतं. पूर्ण काढायला बरीच सत्रं लागतात. फिका करायला बहुधा थोडकी पुरतात, दोन सत्रांत किमान सहा ते आठ आठवडे सोडून. काळ्या शाईसाठी 1064 नॅनोमीटरची लेझर वापरतात आणि सावळ्या त्वचेला तीच जास्त सुरक्षित. लाल रंगासाठीची 532 नॅनोमीटरची लहर त्वचेतल्या रंगद्रव्यातही शोषली जाते, त्यामुळे पांढरे डाग पडण्याचा धोका वाढतो. पांढऱ्या किंवा त्वचेच्या रंगाच्या शाईवर लेझर पडली तर ती उलट काळी पडू शकते. अशी शाई आपल्या टॅटूत कुठे आहे ते त्वचारोगतज्ज्ञांना आधी सांगा आणि एखाद्या कोपऱ्यावर चाचणी करून घ्या. केस काढण्याची लेझर किंवा आयपीएल (प्रखर उजेडाच्या झोतांनी केस काढणारं यंत्र) मात्र टॅटूवरून कधीच फिरवू नये. शाई उष्णता शोषते आणि त्वचा भाजते.

एखादा रंग, विशेषतः लाल, वर्षांनंतर उंच सुजला, सतत खाजायला लागला किंवा टॅटूतला तीळ बदलू लागला, तर वरचे सगळे पर्याय बाजूला ठेवा. आधी त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा; तोवर त्या जागी सुईही नको आणि लेझरही नको.