लोखंड एका गाडीचं, नंबर दुसऱ्या गाडीचा: जुनी चासी घेताना झालेली फसवणूक

जुनी चासी, म्हणजे गाडीचा खालचा सांगाडा, विकत घेताना आपण दोन वस्तू घेत असतो: एक लोखंड आणि दुसरा त्या लोखंडावर ठोकलेला नंबर. मला ज्याने चासी विकली त्याने या दोन वस्तू दोन वेगळ्या गाड्यांमधून आणल्या होत्या. कागदपत्रं खरी होती. चासीवरचा नंबर कागदांशी अक्षरन् अक्षर जुळत होता. तरीही ती चासी त्या कागदांवरच्या गाडीची नव्हती. घरी गाडी बांधायची म्हणून जे कोणी जुनी चासी शोधताहेत, त्यांच्यावर ही वेळ येऊ नये म्हणून सविस्तर लिहितोय.

मला दोघांपुरती, उघडी, हलकी गाडी बांधायची होती. अशा कामाला शिडीसारखी चासी लागते, म्हणजे दोन्ही बाजूंना लांब रेल, त्यांना जोडणारे आडवे क्रॉस मेंबर आणि वरून बोल्टने बसवलेली बॉडी. बॉडी उचलली तरी इंजिन, ॲक्सल, स्टीअरिंग सगळं जागेवर राहतं. हल्लीच्या बहुतेक मोटारी मोनोकॉक असतात. त्यांच्यात पत्र्याची बॉडी हीच चासी, ती कापली की हाती काही उरत नाही. म्हणून हौशी लोक ठरावीक जुन्या गाड्यांच्याच मागे असतात: लँड रोव्हर, जीप, सुझुकीची छोटी एसजे, किंवा फोक्सवॅगन बीटल. बीटलची चासी शिडीची नाही, मधे कणा असलेला सपाट तळ आहे. पण तिचीही बॉडी बोल्ट सोडवून उचलता येते, आणि साठच्या दशकात अमेरिकेत मेयर्स मँक्स बग्गी गाजली ती बीटलचा हाच तळ आखूड करून. बीटलचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर, २४०० मिमी, आखूड एसजेचा २०३० मिमी. मला आखूडच गाडी हवी होती, त्यामुळे एसजेच्या शोधात होतो.

अशा जुन्या गाड्या आता नव्याने बनत नाहीत आणि त्यांच्या चास्यांना मागणी मात्र आहे. ठगांचं फावतं ते इथेच.

विकणाऱ्याने चासी दाखवली ती अंडरसीलचा काळा जाड लेप मारून. "दादा, पडून राहिली तर गंज धरेल, म्हणून आधीच मारून ठेवलंय. तुमचं एक काम वाचलं." बोलणं इतकं सहज होतं की कुणालाही पटावं. नंबराभोवतीची जागा तेवढी स्वच्छ ठेवली होती. शेजारी मूळ कागद. मी नंबर कागदाशी ताडून पाहिला, चासी सरळ आहे का हे मोजून पाहिलं, मग विसार दिला आणि ठरल्या दिवशी उरलेली रक्कमही दिली.

खरा प्रकार बाहेर आला तो काम सुरू केल्यावर. मागच्या उजव्या पाट्याचा, म्हणजे पट्ट्यांच्या स्प्रिंगचा, शॅकल (पाट्याचं टोक धरणारी हलती कडी) जिथे रेलला जोडलेला असतो, तिथला लेप खरवडून मी ग्राइंडरला वायर ब्रश लावला. गंजाची तांबूस भुकटी उडायला हवी होती, उडाली फिकट करडी. ती पुट्टी होती. पुट्टीखाली काचेच्या धाग्यांचं कापड आणि त्याखाली बॉडीच्या पत्र्याइतकी पातळ पट्टी, चार कोपऱ्यांत वेल्डिंगचे टाके घालून चिकटवलेली. स्क्रूड्रायव्हरने जरा दाबलं तर तो आरपार गेला. पट्टीमागची मूळ रेल जागोजागी उरलीच नव्हती. ज्या जागेवर गाडीच्या मागच्या भागाचं वजन येतं आणि प्रत्येक खड्ड्याचा दणका बसतो, ती जागा पुट्टीने भरून विकली होती. रस्त्यावर तो शॅकल सुटला असता तर मागचा ॲक्सल एका बाजूने मोकळा झाला असता. पैसे बुडाल्याचं दुःख एकवेळ पचतं, पण कुणाच्या जिवाशी खेळतोय हे माहीत असताना हा माणूस मला हसून निरोप देत होता, याचा राग अजून जात नाही.

मग नंबर होता तो रेलचा पुढचा भागही उघडा करायचं ठरवलं. रंग उतरवायचं द्रावण लावून पुसल्यावर नंबराभोवती केसाइतकी बारीक रेघ दिसली, चौकोनी, कोपरे किंचित गोल. आतल्या चौकोनाचा पृष्ठभाग बाहेरच्यापेक्षा वेगळा होता. बाहेर जुन्या गंजाचे बारीक खड्डे, आत गुळगुळीत. तिथे हात थांबवला आणि वायरीच्या टोकाला बसवलेला छोटा कॅमेरा रेलच्या भोकातून आत सोडला. बाहेरून वेल्डिंग कितीही घासून सपाट करता येतं, पण चौकोनी नळीच्या आत ग्राइंडर जात नाही. आत त्याच चौकोनाची पूर्ण सीमा, वितळून आत उतरलेल्या धातूची खडबडीत माळ, स्वच्छ दिसत होती. दुसऱ्या गाडीचा नंबर असलेला तुकडा कापून या चासीत बसवला होता.

कागदांवर ज्यांचं नाव होतं त्यांचा शोध घेतला. त्यांनी आपली गाडी मागेच अपघातानंतर भंगारात दिली होती. कागद सोबत गेले आणि त्यांनी पुढे चौकशी केली नाही. म्हणजे त्यांच्या गाडीचा फक्त नंबर आणि कागद जगले. मला मिळालेली चासी कुणाची, चोरीची की आणखी कशाची, ते कागद सांगू शकत नव्हते. विकणाऱ्याचा फोन तोवर बंद झाला होता.

याचं गांभीर्य घरी गाडी बांधणाऱ्यांना जास्त आहे, कारण नवी बॉडी, बदललेलं इंजिन, सगळं आपलं असतं. गाडीची जुनी ओळख म्हणून चासीवरचा नंबर तेवढा उरतो. तोच खोटा निघाला तर नोंदणी होत नाही, विमा मिळत नाही, आणि तयार झालेली गाडी जप्त होऊ शकते.

सगळीकडे सल्ला एकच मिळतो, नंबर कागदाशी जुळवून घ्या. तो सल्ला अपुरा आहे. जुन्या गाड्यांत तर आणखीच. सतरा अक्षरांचा नंबर अमेरिकेत १९८१ सालच्या मॉडेलांपासून सक्तीचा झाला. त्यात आय, ओ आणि क्यू ही अक्षरं कधीच नसतात, कारण ती एक आणि शून्याशी गोंधळतात. सतरा अक्षरी नंबरात यांतलं एखादं दिसलं तर तिथूनच परत फिरा. पण त्याआधीच्या गाड्यांचे नंबर छोटे, प्रत्येक कंपनीचे वेगळे, आणि त्यांच्यात अशी सोपी खूण सापडत नाही. त्यामुळे नंबर वाचण्याइतकंच तो ज्या लोखंडावर आहे ते लोखंड वाचायला हवं. नंबराच्या आजूबाजूला वीतभर जागा रंगाशिवाय पाहायला मागा. ठोकलेल्या अंकांची खोली आणि ओळ एकसारखी आहे का, भोवती रेघ आहे का, गंजाचे खड्डे अंकांच्या जागेतून सलग जातात का, ते बघा. आणि कॅमेरा आत घाला. असा कॅमेरा आता फोनला जोडून वापरता येतो, त्यासाठी मोठा खर्च येत नाही.

गंजाचं म्हणाल तर चौकोनी रेल आतून सडते. पाणी आणि चिखल आत साचतो, खालची भोकं बुजतात, आणि बाहेरून रंग शाबूत दिसतो. छोट्या हातोडीने रेलभर ठोकत जा. जाड लोखंड खणखणीत वाजतं, पुट्टी किंवा सडलेली जागा बद्द वाजते. चुंबक हातात ठेवा, जाड पुट्टीवर त्याची पकड लगेच सैल होते. पाट्यांचे ब्रॅकेट, स्टीअरिंग बॉक्सची बैठक आणि बॉडी टेकते त्या जागा सगळ्यात आधी. चासी वाकडी आहे का हे बघायला ओळंबा पुरतो: चासी समतल टेकवून डावी-उजवीकडच्या सारख्या भोकांतून ओळंबा सोडा, जमिनीवर खडूने खुणा करा आणि दोन्ही कर्ण मोजा. काही मिलिमीटरचा फरक चालतो, बोटभर फरक असेल तर ती चासी अपघातातली समजा. माझ्या चासीचे कर्ण जुळले होते, हेही सांगायला हवं. सरळ चासी सडकी असू शकते.

ताज्या काळ्या लेपाला माझा आता ठाम नकार आहे. विकणारा म्हणाला की खरवडू देणार नाही, तर व्यवहार तिथेच संपतो. जमलं तर बॉडीसकट, चालू अवस्थेतली गाडी थेट तिच्या मालकाकडून घ्या आणि बॉडी स्वतः उतरवा. महाग पडते, जागा लागते, पण लोखंड आणि नंबर एकत्र आलेत याचा पुरावा त्या उभ्या गाडीतच असतो.

आणि नंबराभोवती अशी रेघ सापडलीच, तर पुढे घासू नका. नंबर ठोकताना अंकाखालचा धातूही दाबला जातो, त्यामुळे अंक घासून पुसले तरी तपासणारे आम्लाचं द्रावण लावून बऱ्याचदा जुना नंबर वाचू शकतात. आपण ग्राइंडर फिरवत राहिलो तर तो पुरावा जातो आणि संशय आपल्यावर येतो. आहे त्या स्थितीत फोटो काढा, पैसे दिल्याच्या पावत्या आणि विकणाऱ्याशी झालेले संदेश जपून ठेवा, आणि पोलिसांत लेखी तक्रार द्या. मी तेच केलं. चासी तपासासाठी त्यांच्या ताब्यात आहे, पैसे परत मिळालेले नाहीत. नुकसान भरून काढायला ती पुढे कुणाला विकून टाक, असं मला दोघा-तिघांनी सुचवलं. तसं करू नका, सुटे भाग म्हणूनही नाही.