स्मार्ट रिलेवर हॉलचे दिवे: काही महिन्यांच्या वापरानंतर

स्मार्ट रिले म्हणजे बोर्डात बसवायचं, मोबाइलच्या अ‍ॅपवरून दिवे चालू-बंद करणारं छोटं यंत्र. माझ्याकडे झालं असं: अ‍ॅपमध्ये दिवे बंद, हॉलमध्ये लख्ख उजेड. भिंतीवरचं बटण दाबलं की बोर्डातून ‘टिक’ आवाज यायचा, पण दिवे ढिम्म. बोर्डाच्या कडेला स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने हलकेच ठोकलं की विझायचे. रिलेच्या आतले कॉन्टॅक्ट, म्हणजे करंट जोडणारी-तोडणारी धातूची टोकं, चिकटले होते.

खोक्यावर ठसठशीत लिहिलंय, १० अँपिअर. म्हणजे २३० व्होल्टला २३०० वॅट. माझे सगळे एलईडी पॅनल मिळून शंभर वॅटसुद्धा होत नाहीत. तरी कस्टमर केअरचं उत्तर एकच: एलईडी लोडमुळे झालंय, वॉरंटी नाही. मला ही निव्वळ पळवाट वाटली.

वायरमनने समजावल्यावर मत थोडं बदललं. प्रत्येक पॅनलच्या ड्रायव्हरमध्ये (एलईडीला हवा तसा करंट देणाऱ्या सर्किटमध्ये) कपॅसिटर, म्हणजे चार्ज साठवणारा भाग, असतो. दिवा लावताना तो रिकामा असतो, त्यामुळे क्षणभर नेहमीच्या कितीतरी पट करंट खेचतो. सगळे पॅनल एकदम लागले की कॉन्टॅक्टवर ठिणगी उडते आणि रोज ठिणग्या खाऊन ते एकमेकांना चिकटतात. खोक्यावरचे १० अँपिअर इस्त्री-हीटरसारख्या लोडसाठी. कारण खरंच आहे. पण मग एलईडीची मर्यादा खोक्यावर का नाही? ती माहितीपत्रकाच्या शेवटच्या पानावर, भिंग लावून वाचावी इतक्या बारीक अक्षरात आहे! गिऱ्हाईक दिव्यांसाठीच हे घेतं, हे कंपनीला पुरेपूर ठाऊक असतं.

जोडणीबद्दल तक्रार नाही. रिलेला स्वतः चालायला न्यूट्रल लागतो. आमची इमारत जुनी, बटणापर्यंत न्यूट्रल आलेलाच नाही, तो थेट छतातून दिव्याला जातो. त्याच बोर्डावर प्लग पॉइंट असल्याने तिथून मिळाला. न्यूट्रल त्याच सर्किटचा हवा. वेगळ्या आरसीसीबीवरचा (करंटची गळती दिसली की सप्लाय तोडणाऱ्या स्विचवरचा) घेतलात तर आरसीसीबी ट्रिप होऊ शकतो. रिले फेजच्याच वायरवर बसवा. न्यूट्रल तोडला तर दिवा विझतो खरा, पण होल्डरमध्ये फेज तसाच राहतो आणि बल्ब बदलणाऱ्याला झटका बसतो. अ‍ॅपवर ‘बंद’ दिसतंय म्हणून होल्डरला हात लावायचा नाही. एमसीबी पाडा, टेस्टर आधी चालू पॉइंटवर लावून बघा, मगच इथे तपासा. बटणाकडे जाणाऱ्या दोन वायरींतही काही मॉडेलमध्ये मेनचा सप्लाय असतो, तिथे बेलची बारीक वायर वापरू नका.

एक गोष्ट मनापासून आवडली: लाइट गेल्यावर परत आली की दिवे बंदच ठेवायची सेटिंग. मध्यरात्री सप्लाय आला तरी घर उजळत नाही.

पक्कं बिल आणि खोक्याचा फोटो पाठवून, बरीच हुज्जत घातल्यावर नग बदलून मिळाला. तो आता बाल्कनीत ९ वॅटच्या एकाच बल्बवर आहे आणि नीट चालतो. हॉलसाठी झिरो-क्रॉसिंगवाला घेतला, जवळपास दुप्पट किमतीचा. तो व्होल्टेज शून्याजवळ असतानाच कॉन्टॅक्ट जोडतो, त्यामुळे कॉन्टॅक्टला सुरुवातीच्या करंटचा झटका फार कमी बसतो. दुकानात अँपिअर विचारू नका, एलईडी लोड किती चालतो ते विचारा. सांगता आलं नाही तर दुसरं दुकान गाठा.