लोहार चाळीत दिवे घ्यायला जाण्याआधी

क्रॉफर्ड मार्केटहून चालत पाच मिनिटांवरची लोहार चाळ म्हणजे विजेच्या सामानाचा मुंबईतला जुना घाऊक बाजार. घरभर दिवे बदलायचे असतील किंवा फॉल्स सीलिंगचं काम निघालं असेल तर इथवर येणं परवडतं. एखादाच बल्ब हवा असेल तर नाक्यावरचं दुकान बरं. माल भरपूर, भाव घासाघीस करून उतरतो, किरकोळ गिऱ्हाईकही चालतं. पण समजावत बसायला इथे कुणाला सवड नाही. काय हवं ते नेमकं सांगता आलं पाहिजे.

दुकानदार बोलतो वॅटमध्ये. वॅट म्हणजे दिवा वीज किती खाणार. उजेड किती पडणार ते लुमेनवरून कळतं. दोन्ही आकडे खोक्यावर असतात. ९ वॅटचा चांगला एलईडी बल्ब ९०० लुमेनच्या आसपास देतो, स्वस्तातला ७०० वरच अडतो. जुना ६० वॅटचा पिवळा बल्बही साधारण ७०० लुमेनच द्यायचा. (वॅटच्या नावावर जाऊ नये ते यासाठीच. काचेचा जुना ‘झिरोचा बल्ब’सुद्धा १२-१५ वॅट खायचा.)

रंगाचं माप केल्विन. ‘वॉर्म’ २७०० ते ३०००, ‘नॅचरल’ ४०००, ‘कूल डे’ ६५००. आपल्याकडे सवयीने घरभर ६५०० लावतात. ओट्यावर ते ठीक, झोपायच्या खोलीत नको. एका खोलीतले सगळे दिवे एकाच कंपनीचे, शक्यतो एकाच लॉटचे घ्या. दोन कंपन्यांचे ३००० शेजारीशेजारी लागले की फरक लगेच दिसतो. सीआरआय, म्हणजे त्या उजेडात रंग किती खरे दिसतात ते, ८० च्या खाली नको आणि आरशापाशी ९० हवा. हे विचारलं की ‘सब ओरिजिनल है’ एवढंच उत्तर येतं. खोक्यावर आकडा नसेल तर माल तिथेच ठेवा.

होल्डर घरी बघूनच निघा. पिनवाला तो बी२२, आट्यांचा मोठा ई२७, झुंबरातला बारीक ई१४. डाउनलाइट बदलायचा असेल तर सीलिंगमधल्या भोकाचा व्यास मोजून न्या. भोक वाढवता येतं, कमी करता येत नाही.

या बाजाराचा खरा फायदा टेस्टिंग बोर्ड. बल्ब लावायला सांगा आणि मोबाइलचा कॅमेरा जवळ धरा. पडद्यावर ठळक काळे पट्टे सरकले तर बल्ब लुकलुकतोय. स्वस्त ‘डीओबी’ (वेगळा ड्रायव्हर न देता एलईडीच्याच पट्टीवर सर्किट बसवलेल्या) मालात हे सर्रास दिसतं, कारण वीज सपाट करणारा कपॅसिटर त्यात वाचवलेला असतो. कपॅसिटर असलेला बल्ब जातो तोही बहुधा त्यामुळेच: एलईडी शाबूत, पण उष्णतेने कपॅसिटर सुकतो. म्हणून बंद काचेच्या डोममध्ये जास्त वॅटचा बल्ब कोंबू नका. गॅलरीत पावसाची झड येत असेल तर आयपी६५ची, म्हणजे धूळ-पाणी आत न शिरणारी फिटिंगच घ्या.

स्ट्रिप लाइटमध्ये सर्वांत जास्त फसगत होते. मीटरला १४.४ वॅटची ५ मीटर पट्टी म्हणजे ७२ वॅट. त्यावर २० टक्के जादा धरले की ८६, म्हणजे अॅडॉप्टर १०० वॅटचा. दुकानदार ६०चा देऊन मोकळा होतो. तो अॅडॉप्टर तापतो आणि लवकर जातो. १२ व्होल्टची पट्टी ५ मीटरपुढे एका टोकाकडून चालवली की दुसरं टोक मंद पडतं, तिथे दुसरीकडूनही वायर द्यावी लागते.

भाव सांगतात तो बऱ्याचदा बिनबिलाचा. पक्क्या बिलावर १८ टक्के जीएसटी चढतो, तरी बिल घ्याच, कारण वॉरंटीचा झगडा त्याच्याशिवाय लढता येत नाही. बल्बवर बीआयएसचा (सरकारी मानक संस्थेचा) ‘आर’ने सुरू होणारा नंबर आहे का तेही बघा. रविवारी बहुतेक दुकानं बंद असतात, आणि संध्याकाळच्या लोकलमध्ये ४ फुटी बॅटन (ट्यूबलाइटसारखी लांब फिटिंग) घेऊन चढायचा विचार असेल तर दुपारीच परता.