घर, दुकान की दूध संकलन केंद्र: कुणाला कोणता जनरेटर परवडतो?

जनरेटरच्या दुकानात पहिला प्रश्न असतो, "किती केव्हीएचा देऊ?" केव्हीए म्हणजे जनरेटरची ताकद मोजायचं माप. तिथं जाण्याआधी दोन गोष्टींचा हिशेब घरीच करून ठेवा. लाइट एकदा गेली की किती तास येत नाही? आणि आपल्याकडची सगळ्यात मोठी मोटर किती एचपीची? निवड या दोन उत्तरांवर ठरते. "मोठाच घेऊ, पुढं उपयोगी पडेल" हा विचार डिझेलच्या बाबतीत महागात पडतो. तो कसा, ते पुढं येईलच.

घरापासून सुरुवात करू. चार पंखे आणि सहा एलईडी दिवे मिळून साडेतीनशे वॅटच्या आसपास भार होतो. १५० एएचची (अँपिअर-अवर, म्हणजे साठवणक्षमता) नवी बॅटरी तो तीनेक तास ओढते. लाइट दोन-तीन तासांत परत येत असेल तर जनरेटरच्या फंदात पडूच नका, इन्व्हर्टर घ्या. धूर नाही, आवाज नाही. बॅटरीत वेळेवर डिस्टिल्ड वॉटर घातलं तर चार-पाच वर्षं बघावं लागत नाही.

फ्रिज आणि पाण्याची मोटर आली की गणित बदलतं. फ्रिज चालताना दीड-दोनशे वॅट घेतो, पण कॉम्प्रेसर सुरू होतानाच्या क्षणी त्याच्या कित्येक पट. एक एचपीची सिंगल फेज मोटर चालू झाल्यावर हजार-अकराशे वॅटवर स्थिरावते, मात्र सुरू होताना चार-पाच पट करंट मागते. त्यामुळे दोरी ओढून चालू करायचं २ केव्हीएचं पेट्रोल मशीन दिवे, पंखे, फ्रिज सांभाळतं आणि मोटरचा खटका दाबला की गुदमरून बंद पडतं. मोटर चालवायचीच असेल तर ४ ते ५ केव्हीए लागतो. खोक्यावरचा मोठा आकडा बहुतेकदा 'मॅक्झिमम' असतो. सलग किती मिळणार ते 'रेटेड' आकड्यावरून बघा. महाबळेश्वर-पाचगणीत हॉटेल किंवा बंगला असेल तर त्यातूनही वजावट धरा. समुद्रसपाटीपासून साडेतेराशे मीटरवर हवा विरळ असते, आणि खाली ५ केव्हीए देणारं पेट्रोल मशीन तिथं सव्वाचारच्या आसपासच देतं.

पेट्रोल मशीन स्वस्त आणि दोघांना उचलून नेता येण्याजोगं. पण एका युनिटला (एक किलोवॅट तासभर) अर्धा लिटर किंवा जास्तच पेट्रोल पितं, त्यामुळे रोज तीन-चार तास चालवायला ते परवडत नाही. महिनाभर पडून राहणार असेल तर टाकी आणि कार्बोरेटर दोन्ही रिकामे करा. हल्लीच्या इथेनॉलमिश्रित पेट्रोलमध्ये ओल धरते, कार्बोरेटरच्या बारीक छिद्रात (जेटमध्ये) चिकट साका बसतो आणि ऐन पावसाळ्यात दोरी ओढून हात दुखतात.

रोजचे तास जास्त आणि मोटरही मोठी असेल, तिथं डिझेल. दूध संकलन केंद्रावर बल्क कूलरचा (दूध थंड ठेवणाऱ्या टाकीचा) कॉम्प्रेसर ३ एचपीचा असेल आणि स्टार्टर साधा डीओएल, म्हणजे मोटरला थेट पूर्ण व्होल्टेज देणारा असेल, तर एचपीच्या अडीच ते तीन पट केव्हीए धरा. म्हणजे साडेसात ते दहा. सांगलीच्या कुपवाड एमआयडीसीतल्या छोट्या वर्कशॉपची ५ एचपीची मोटर डीओएलवर असेल तर साडेबारा ते पंधरा. तीच मोटर स्टार-डेल्टा स्टार्टरवर, म्हणजे आधी कमी व्होल्टेजवर सुरू करून मग पूर्ण देणाऱ्यावर, घेतली तर साडेसात-दहात काम भागतं. स्टार्टरचा खर्च जनरेटरच्या किमतीतल्या फरकापुढं किरकोळ आहे.

आता मोठ्या जनरेटरचं दुखणं. १५ केव्हीएचं मशीन (पूर्ण भार १२ किलोवॅट) पाऊण भारावर, म्हणजे ९ किलोवॅटवर, तासाला पावणेतीन लिटरच्या आसपास डिझेल घेतं. लिटरला ९० रुपये धरले तर युनिट २७-२८ रुपयांना पडतं. त्याच मशीनवर नुसतं दुकानाचं दीड किलोवॅट चालवलं तरी सव्वा लिटर जातंच, आणि युनिट पंचाहत्तरला जाऊन बसतं. त्याहून वाईट म्हणजे तीस टक्क्यांखालच्या भारावर इंजिन पुरेसं तापत नाही, डिझेल पूर्ण जळत नाही, सायलेन्सरच्या तोंडाशी काळा तेलकट ओघळ दिसू लागतो आणि मग इंजिन खोलून लायनर-रिंगांचं काम निघतं. म्हणून पंधरवड्याला "तब्येतीला बरं" म्हणून रिकामा चालवू नका. भार जोडून वीस मिनिटं चालवा.

थ्री फेज घेणाऱ्यांची नेहमीची चूक अशी: १५ केव्हीए म्हणजे प्रत्येक फेजला जेमतेम २० अँपिअर, पण सगळे एसी आणि फ्रीझर एकाच फेजवर. मशीन मग अर्ध्या भारातच ट्रिप होतं, आणि दोष विक्रेत्याला लागतो. फेज वाटून घ्या.

शेतात ३५-४५ एचपीचा ट्रॅक्टर असेल तर पीटीओवर (ट्रॅक्टरच्या मागच्या फिरत्या दांड्यावर) चालणारा अल्टरनेटर, म्हणजे वीज तयार करणारं यंत्र, हा स्वस्त पर्याय आहे. पंपाला ठीक, पण आरपीएम (इंजिनचा वेग) हलला की विजेची फ्रिक्वेन्सी हलते, म्हणून त्यावर कॉम्प्युटर किंवा टीव्ही लावू नका.

सांगलीत जागा निवडताना पूररेषा आधी बघा. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली होती. धोक्याची पातळी ४५ फूट. गावभाग, मारुती चौक अशा भागात तळमजल्यावरचा जनरेटर नेमका गरजेच्या दिवशी पाण्याखाली जातो. उंच चौथरा बांधा, पण बंद खोलीत किंवा जिन्याखाली ठेवू नका. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. झोपलेल्या माणसाला तो उठू देत नाही.

आणि दोन्ही टोकांना पिन लावलेली वायर सॉकेटमध्ये खुपसून घर चालवणं आजच बंद करा. मेन स्विच चालू राहिला तर तुमची वीज उलटी डीपीत, म्हणजे गल्लीतल्या ट्रान्सफॉर्मरकडे जाते, ट्रान्सफॉर्मर तिचे ११ हजार व्होल्ट करतो आणि खांबावर वायरमन असतो. सिंगल फेजला दोन पोल, थ्री फेजला चार पोल चेंजओव्हर स्विच लावा, म्हणजे एका वेळी लाइट किंवा जनरेटर यांपैकी एकच जोडलं जाईल. बॉडी आणि न्यूट्रलचं अर्थिंगही वेगवेगळं घ्या.

नवा डिझेल सेट घेताना प्लेटवर 'सीपीसीबी चार प्लस' (केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचे धुराचे निकष) आहे का बघा. १ जुलै २०२३ पासून हे निकष लागू आहेत. डिलिव्हरीच्या दिवशी आपलीच मोटर जोडून तीनदा सुरू करायला लावा. स्टार्टरमधला कॉन्टॅक्टर (मोटर जोडणारा स्विच) खडखडला किंवा दिवे मंद होऊन लगेच सावरले नाहीत, तर डिलिव्हरी चलनावर सही करू नका.